शेवटी ‘ना’ नको

सांबरखिंडीच्या एको पॉइंटवर आलेल्या प्रत्येक पर्यटकाला माझे वडील अण्णा, तिथले गाईड, एकच नियम सांगत. “कड्याला काहीही विचारा. लग्न, नोकरी, पाऊस, पोराचा निकाल. फक्त शेवटी ‘ना’ लावू नका.”

मग कुणीतरी मुद्दाम लावायचंच. कॉलेजातला एखादा टोळक्यात उभा राहून ओरडायचा, “माझं लग्न होणार नाऽऽ?” आणि समोरून कडा स्वच्छ सांगायचा, “नाऽऽ.” टोळकं खिदळायचं. अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “सांगितलं होतं. आता पुढच्या वर्षी या, अपील करू.”

हा खेळ आमच्या गावाचा. पॉइंटला गावकरी ‘हाळीचा कडा’ म्हणत आणि खेळाला ‘कड्याला विचारणं’. त्यामागचं भौतिकशास्त्र मी कॉलेजात गेल्यावर शिकले, पण समजलेलं होतं आधीच. कडा दरीपलीकडे सुमारे एकशे सत्तर मीटरवर होता, म्हणजे आवाजाला जाऊन परत यायला साधारण एक सेकंद. तुम्ही तीन सेकंद ओरडलात, तर पहिल्या दोन सेकंदांचा प्रतिध्वनी तुम्ही ओरडत असतानाच परततो आणि तुमच्याच आवाजाखाली दडपून जातो. ऐकू येतो तो फक्त शेवटच्या सेकंदाचा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणून “यंदा मी पास होणार?” असं विचारलं की कडा म्हणायचा, “होणाऽऽर.” हाळी देताना शेवटचा स्वर लांबतो आणि सपाट होतो. प्रश्नचिन्ह दरीतच पडतं, परत येतं ते उत्तर. इंग्रजीत विचारणाऱ्यांना कडा भलतंच काही सांगायचा. अण्णा त्यांच्याकडून एक मराठी वाक्य पाठ करून घ्यायचे आणि तेवढ्यावर ते लोक दिवसभर खूश असायचे.

खेळ संपला की अण्णा शेवटची गोष्ट सांगायचे, आणि तेव्हा बोट हमखास कणसांच्या गाडीकडे असायचं. गाडीवर आई असायची, शालन आखाडे, निखाऱ्यावर कणसं फिरवत.

“ती बघा, आमची मंडळी. गाईडची बायको. पण तीसुद्धा चुकली! मला मुंबईत हॉटेलात नोकरी ठरली होती. सामान बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी ही इथं उभी राहिली आणि काय विचारलं? ‘आपण मुंबईला जाणार नाऽऽ?’ कडा काय म्हणाला असेल, सांगा बरं.”

लोक एका सुरात “नाऽऽ” म्हणायचे.

“मग काय! कड्याचा शब्द मोडतो व्हय? सामान सोडलं. तिच्या एका चुकीपायी मी तुमच्यासमोर उभा आहे.”

आई तोंडाला पदर लावून हसायची. “सवय मेली, तोंडात बसलेली,” एवढंच म्हणायची आणि कणसाला लिंबू-तिखट चोळायची. घरी या गोष्टीचं नावच ‘आईची चूक’ असं पडलं होतं.

आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि २०४१ च्या श्रावणात कडा कोसळला.

माणूस कुणी दगावलं नाही. आठवडाभराचा पाऊस दोन दिवसांत पडला, कड्याच्या भेगांत पाणी शिरलं आणि काळ्या बसाल्टची ती सपाट भिंत खाली बसली. मागे राहिला धोंड्यांचा उतार. आवाज अशा उतारावर आदळला की हजार दिशांना विखुरतो. आरसा फोडावा, तुकडे टोपलीत भरावेत आणि टोपलीत तोंड पाहावं, तसं. लोक रेलिंगपाशी यायचे, ओरडायचे, थांबायचे. काहीच परत यायचं नाही. मग सगळे थोडे ओशाळायचे. रिकाम्या खोलीत बोलताना पकडलं गेल्यासारखे.

थंड हवेचं ठिकाण वरवर पाहता हवेवर चालतं. खरं तर ते लोकांच्या एका सवयीवर चालतं: संध्याकाळी कुठे जायचं, हे ठरलेलं असण्यावर. सांबरखिंडीची संध्याकाळ एको पॉइंटवर ठरलेली होती. ती मोडली तशी पुढची साखळी उसवत गेली. कणसांच्या गाड्या कमी झाल्या, चिक्कीची दुकानं दुपारीच फळ्या लावू लागली. इस्माईलचाचांच्या घोडीवर, राणीवर, पूर्वी नवी जोडपी बसायची. आता तिच्या पाठीवर हॉटेलांची भाजी यायची. “राणीची बढती झाली,” चाचा म्हणायचे. “माणसं कुरकुर करायची. कोबी गप बसतो.”

अण्णांनी गाईडचा पितळी बिल्ला काढून देवघराच्या खिळ्याला टांगला आणि पॉइंटवर जाणंच सोडलं.

मी तेव्हा पुण्यात ध्वनितंत्राच्या एका छोट्या कंपनीत काम करत होते. त्याच वर्षी अण्णांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, आणि मी घरातली एक खोली त्यांच्यासाठी रिकामी केली. पूर्वेची खिडकी, खिडकीबाहेर एक कांचनाचं झाड. अण्णा येऊन बघून गेले. “खोली झकास आहे,” म्हणाले. “कोण राहणार?”

“तुम्ही.”

“बघू.”

त्यांचं ‘बघू’ मला पाठ होतं.

मग दीडेक वर्षाने सांबरखिंडीच्या पर्यटन मंडळाने आमच्या कंपनीला विचारलं: कड्याचा आवाज परत आणता येईल का?

येण्यासारखा होता. पडद्याइतक्या पातळ, विजेने कंप पावणाऱ्या पट्ट्या तोवर स्वस्त झाल्या होत्या. दगडाच्या रंगाच्या अशा शेकडो पट्ट्या धोंड्यांच्या उतारावर बसवायच्या. रेलिंगमधले मायक्रोफोन आवाज टिपणार, तो बिनतारी मार्गाने क्षणात पलीकडे जाणार आणि पट्ट्या तो इकडे फेकणार. पण कोणता आवाज? प्रत्येक भिंत आवाजाला स्वतःचा थोडा रंग चढवते. इथे घुमवते, तिथे चिरका करते. त्या रंगाची नेमकी मोजणी हाती असली तर कोणत्याही आवाजाला ती भिंत पुन्हा देता येते. आमची भिंत उरली नव्हती. पण लोकांनी वीस-बावीस वर्षं तिच्यासमोर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढले होते. ते हजारोंनी मिळाले. प्रत्येकात एक हाळी होती आणि तिचा प्रतिध्वनी. दोन्हींची तुलना करून संगणकाने कडा बाहेर काढायचा, हे माझं काम.

पहिल्याच दिवशी प्रोग्रामने तक्रार केली. बहुतेक ध्वनिफितींत एक समान अडथळा आहे, एक पुरुषी आवाज, रेलिंगपासून डावीकडे. त्याने त्याला नाव दिलं होतं ‘गोंगाट एक’. मी एक फीत लावली.

“शेवटी ‘ना’ लावू नका,” गोंगाट एक म्हणाला.

पुढचे कित्येक दिवस मी माझ्या वडिलांना व्हिडिओंतून खरवडून काढत होते. एका फितीत ते तिशीत होते, आवाज तडतडीत, वाक्यं घाईची. नंतरच्या फितींत विनोदाआधी थांबायला शिकलेले. आणखी पुढे मधूनच खोकला. आईचा आवाजही कधी कधी यायचा, लांबून: “गरऽऽम कणसं!” एकदा एका लहान मुलीचा आवाज आला, “अण्णा, मला विचारू दे की!” आणि ती मुलगी कोण, हे कळायला मला पाच-सहा सेकंद लागले. प्रोग्राम प्रत्येक वेळी विचारायचा, हा भाग वगळू का? मी ‘हो’ म्हणत गेले. सगळे आवाज वजा केल्यावर जे उरलं, तो कडा होता.

आमचा प्रकल्पप्रमुख मिहिर टिपणीस ठाण्याचा, कामाला वाघ. पर्यटकाला जागेची मदत व्हायला हवी, जागेच्या उणिवा पर्यटकाला सांभाळून घ्याव्या लागू नयेत, असं तो म्हणायचा आणि तसंच करायचा. ऐकू न येणाऱ्यांसाठी त्याने रेलिंगमध्ये कंपनं सोडली. हात ठेवला की प्रतिध्वनी तळव्याला कळायचा. धुक्यात वाट चुकलेल्याला रेलिंग हळू आवाजात डावं-उजवं सांगायची. गर्दीत दहा जण एकदम ओरडले तरी यंत्र दहा आवाज वेगळे करून ज्याचा त्याला परत द्यायचं. आणि लोकांना विचारून त्याने आणखी एक सुधारणा केली. अर्धवट प्रतिध्वनी कुणालाच नको होता. म्हणून यंत्र ओरडणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आणि मग ते पूर्ण परत द्यायचं.

मला ती सुधारणा आवडली होती. गणित सुबक होतं.

चाचणीच्या आधी मी अण्णांना सांगायला गेले. ते अंगणात पत्र्याच्या डब्यात लावलेल्या पुदिन्याला पाणी घालत होते.

“कडा बोलला तर मी इथंच,” ते म्हणाले. “नाही बोलला तर दिवाळीनंतर तुझ्याकडं. हा शब्द.”

“बघू नाही?”

“बघू नाही. शब्द.”

परत येताना माझ्या लक्षात आलं की मी जो कडा उभा करते आहे, तो बोलला तर ती खोली रिकामीच राहणार आहे.

चाचणीला निम्मं गाव आलं. सोलापूरहून आलेल्या एका कुटुंबातल्या आजींना ऐकू येत नव्हतं. नातीने ओरडल्यावर त्यांनी रेलिंगवरचा हात झटकन उचलला, पुन्हा ठेवला आणि “मुंग्या बोलल्या गं!” म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष आपलंच नाव चारदा ओरडले.

मग अण्णा आले. बिल्ला नव्हता, पण शर्ट इस्त्रीचा होता. त्यांनी डाव्या बाजूला, त्यांच्या जागेवर पाय रोवले आणि गळा मोकळा केला.

“यंदा पाऊस वेळेवर थांबणाऽऽर?”

समोरून, हुबेहूब जुन्या कड्याच्या घुमाऱ्यात, शब्दन् शब्द परत आला: “यंदा पाऊस वेळेवर थांबणाऽऽर?”

पुन्हा टाळ्या. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली, अजून काहीतरी यायचं बाकी असल्यासारखी. मग माझ्याकडे वळले.

“आवाज तोच आहे,” ते म्हणाले. “पण हा विचारतोय गं. सांगत नाही.”

“म्हणजे काय, काका?” मिहिरने आदराने विचारलं.

“काही नाही, साहेब. छान झालंय. लोकांना आवडेल.” आणि जाताना मला म्हणाले, “ट्रंक माळ्यावरनं काढायला चाचाला सांगतो.”

मला चूक त्याच क्षणी कळली होती. कड्याचा रंग आम्ही अचूक आणला होता, त्याची घाई आणली नव्हती. जुना कडा तुमचं बोलणं संपायची वाट पाहत नसे. तो मध्येच बोलायचा, स्वतःचं निम्मं बोलणं तुमच्या आवाजात बुडवायचा, आणि त्यामुळेच उरलेला शब्द उत्तर वाटायचा. दुरुस्ती म्हणजे एक आकडा बदलायचा होता: थांबायचं नाही, आवाज आला तसा एका सेकंदाच्या अंतराने परत सोडायचा.

तो आकडा बदलायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि तो माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. यंत्र चालत होतं. गाव खूश होतं. पर्यटक येणार होते. अण्णा शब्द पाळणार होते, पूर्वेच्या खिडकीत चहा पिणार होते, दवाखाना दहा मिनिटांवर असणार होता. मी काही करायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा ट्रंक ओसरीवर आलेली होती. अण्णा तिच्यात कपडे भरत होते आणि इस्माईलचाचा बाजूला बसून सूचना करत होते.

“स्वेटर कशाला? पुण्यात थंडी कुठाय?”

“असू दे. सांबरखिंडीचं काहीतरी अंगावर पाहिजे.”

“मग राणीला ने. सोसायटीत लिफ्ट आहे म्हणतात.”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरचा बिल्ला काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, ट्रंकेत ठेवला, मग काढून खिशात ठेवला. तिथे काय करायचं त्याचं, असं स्वतःशीच म्हणाले. मी ज्याला गोंगाट एक म्हणून वजा केला होता तो माणूस आता खरोखरच वजा होत होता, आणि वगळू का, असं मला या वेळी कुणी विचारतही नव्हतं.

मिहिर हॉटेलच्या व्हरांड्यात आकडे पाहत बसला होता. मी त्याला म्हटलं, “उद्या सकाळी मला यंत्र एका सेकंदावर बांधू दे. फक्त सकाळपुरतं.”

“म्हणजे अर्धवट प्रतिध्वनी? ऋतुजा, लोकांनी तोच तर नको म्हणून सांगितलं.”

“लोकांना आपण चुकीचं विचारलं. त्यांना प्रतिध्वनी पूर्ण हवा की अर्धा, असं विचारलं. ते पूर्णच म्हणणार. आता सांग, तू संध्याकाळी तिथे उभं राहून काय ओरडलास?”

“स्वतःचं नाव.”

“परत काय आलं?”

“माझं नाव.”

“मग?”

“मग काय? चहा प्यायला आलो.” त्याने लॅपटॉप मिटला. “बरं. बोल.”

मी त्याला ‘कड्याला विचारणं’ काय असतं ते सांगितलं. क्रियापद, शेवटचा सेकंद, अपील, सगळं. तो ऐकता ऐकता कागदावर रेघा ओढू लागला: वर हाळी, खाली तिचा उशिरा निघालेला प्रतिध्वनी, शेवटी बाहेर डोकावणारा तुकडा.

“म्हणजे हे ऐकायला कसं विचारायचं ते शिकवणारा माणूस लागणार,” तो म्हणाला.

“हो.”

“यंत्राला ते जमणार नाही.”

“जमेल. पण ते यंत्र विनोदाआधी थांबणार नाही.”

“आणि तू तर काकांना पुण्याला नेणार होतीस?”

“तेच तर,” मी म्हटलं.

मिहिरने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

सकाळी मी अण्णांना पॉइंटवर बोलावलं. शेवटचं एकदा बघून घ्या, असं सांगितलं. चाचा राणीला घेऊन आलेच, पाठीवर कोबी. एक-दोन कुटुंबं सकाळच्या उन्हात फोटो काढत होती. दरीतून धुकं वर येत होतं आणि पलीकडच्या पट्ट्या धोंड्यांत अजिबात ओळखू येत नव्हत्या.

अण्णा आपल्या जागेकडे निघाले. मी म्हटलं, “थांबा. आधी मी.”

“काय विचारणार?”

मी रेलिंगला धरून पूर्ण श्वास घेतला.

“अण्णा दिवाळीनंतर पुण्याला येणार नाऽऽ?”

माझाच आवाज माझ्या आवाजावर आदळत परत आला, त्यात बुडाला, आणि मी थांबल्यावर कडा एकटा उरला.

“नाऽऽ,” तो म्हणाला.

इस्माईलचाचांनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! गाईडची पोरगी असून शेवटी ‘ना’?”

अण्णांनी कड्याकडे पाहिलं. दोन वर्षांनी भेटलेल्या माणसाकडे पाहावं तसं, आधी ओळख पटवत. मग माझ्याकडे वळले. “चुकलीस?”

“सवय हो,” मी म्हटलं. “तोंडात बसलेली.”

ते पुढे काही विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण माझं ते वाक्य ध्यानात आल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी मान वळवली, कड्याकडे नाही, डावीकडे, जिथे पूर्वी कणसांची गाडी असायची तिकडे. तिथे आता कचऱ्याचा डबा आणि एक बाक होता.

“इतकी वर्षं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की शालन...”

चाचा राणीचा लगाम उगाचच सोडून पुन्हा बांधू लागले.

“मुंबईला जायचं तिच्याच मनात नव्हतं व्हय गं?” त्यांनी मला विचारलं.

“मला काय माहीत? तुमच्याच मनात नसेल. ते तिला कळलं असेल.”

“असंही असेल,” ते म्हणाले.

फोटो काढणाऱ्या कुटुंबातला माणूस पोरीला कडेवर घेऊन आमच्याजवळ आला. “काका, तुम्ही इथले का? हे यंत्र बिघडलंय वाटतं. काल पूर्ण ऐकू येत होतं म्हणे. आज शेवटचाच शब्द येतोय.”

अण्णांनी खिशात हात घातला. बिल्ला बाहेर काढून शर्टाला लावताना पिन दोनदा निसटली. मग गळा साफ करून ते डावीकडे आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

“बिघडलं नाही, साहेब. आत्ताच दुरुस्त झालंय. हा कडा उत्तर देतो. काहीही विचारा. पोरीची शाळा, बदली, पाऊस. फक्त शेवटी...”

ते थांबले. विनोदाआधी थांबायचे तसे नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“शेवटी ‘ना’ लावायचा असेल,” ते म्हणाले, “तर विचार करून लावा.”